हातात उरलेला खडा

माझी थोरली रूथ तीन महिन्यांची झाली होती आणि तिचा बाप्तिस्मा येत्या रविवारी ठरला होता, त्या आठवड्यातली ही गोष्ट. साल मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढं उतारवयात अक्षरं आली तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या रजिस्टरात बघितलं. एकोणीसशे सहासष्ट, एप्रिल महिना.

बुधवारी संध्याकाळी आमच्या बोरखडीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. शहराकडून बंधू एलीया आले होते. उज्जीवन सभेचा, म्हणजे विश्वास नव्यानं जागा करायच्या सभेचा, तिसरा दिवस. माणूस काटकुळा, पण आवाज असा की वरचे पत्रे थरथरायचे. लोक खिडक्यांत बसलेले, बायका दारात उभ्या, आणि बंधू पुढं येरझारा घालत होते.

"बाजारातून बैल आणला तर तुम्ही दिवस सांगता! शुक्रवारी आणला म्हणता, रामप्रहरी आणला म्हणता! आणि तुमचा जीव नरकातून सुटला तो दिवस सांगता येत नाही? तारण झालं म्हणता, मग तारीख सांगा!"

मी ताडकन उठलो. चोवीस वर्षांचा होतो, छातीत आनंद मावत नव्हता.

"सोमवार! परवाचा सोमवार, दिवेलागणीला!"

"हालेलूया!" सगळं देऊळ ओरडलं. "ये सीला!" म्हणत बंधूंनी मला पुढं बोलावून मिठी मारली. त्यांच्याकडं गुलाबी रंगाची छापील कार्डं होती. एकावर त्यांनी शाईनं माझी तारीख लिहिली आणि माझ्या हातात दिली. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते कार्ड सदऱ्याच्या खिशात गेलं तसा मी बोटभर उंच झालो. माझ्यामागं एकेक जण उठायला लागला. म्हातारे उठले, पोरी उठल्या. गाणं काय, टाळ्या काय, डोळ्यांना पाणी काय! तसली संध्याकाळ बोरखडीनं त्याआधी बघितली नव्हती.

मग बंधू पहिल्या बाकाकडं वळले. तिथं मंडळीचे वडील, म्हणजे मंडळीनं निवडलेले कारभारी, ओबेद त्रिभुवन बसले होते. माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचो. पंचावन्नच्या पुढं वय, विहिरी खणणाऱ्या आमच्या टोळीचे मुकादम. उजव्या हाताची दोन बोटं पहिल्याच विहिरीत सुरुंगानं नेली होती. उरलेल्या तीन बोटांत ते प्रभुभोजनाचा प्याला धरायचे आणि बाकाबाकावरून फिरवायचे. वीस वर्षं त्यांच्याच हातून आम्ही प्यालो होतो.

"वडील, तुमची तारीख?"

मामा सावकाश उठले. "मला तारीख न्हाई, बंधू."

"साल सांगा."

"सालबी न्हाई. आई कडंवर घेऊन हितं यायची, तवापासनं येतोय."

कुणीतरी हसलं. बंधू हसले नाहीत. "बरं. पण आज तरी खात्री आहे ना? या घटकेला मेलात तर प्रभूजवळ जाल, अशी पक्की खात्री?"

मी मनात म्हणत होतो, हो म्हणा की मामा, एकच अक्षर तर आहे!

"कधी असती," मामा म्हणाले. "कधी नसती. पहाटं जाग आली म्हंजी शंका येती."

"कसली शंका?"

"त्यानं मला घेतलंय का न्हाई, ह्याची."

बंधू एलीयांनी डोळे मिटले, मग हळू आवाजात म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं, "ज्याला स्वतःच्याच तारणाची खात्री नाही, त्यानं दुसऱ्याच्या हातात प्याला कसा द्यायचा, वडील? तुम्हीच सांगा."

"त्ये खरं हाय," मामा म्हणाले आणि बसले.

आमचे पाळक शिरसाठसाहेब म्हातारे आणि भिडस्त. ते नुसते खोकले. आणि माझे कान असे तापले की कार्ड खिशात असूनही मला मान वर करता येईना.

घरी आल्या आल्या मी बायकोला, दीनाला, सांगून टाकलं. आमच्या मंडळीत रीत अशी की घरातलं पहिलं लेकरू आईचा बाप हातात घेऊन पाळकापुढं जातो. बापानं नुसतं बाजूला उभं राहायचं.

"रविवारी रूथला मी नेणार. मामा न्हाईत."

दीना पाळण्याची दोरी ओढत होती. ती थांबली. "का? माझ्या बापाच्या हाताला काय झालं?"

"शंकेखोर हात माझ्या पोरीला लागायचे न्हाईत."

"त्याच हातानं नऊ हिरींचे बार मोजलेत," ती म्हणाली. "तुम्ही शाबूत हायसा त्ये कशानं? त्यांच्या शंकेनंच ना? मारे कार्ड घेऊन आलायसा! वाचून दावा की काय लिव्हलंय त्यावर."

हा घाव वर्मी बसला. मी म्हटलं, "वाचाया येत न्हाई, पण खरं हाय त्ये ठावं हाय."

"मग तुम्हीच जाऊन सांगा त्यांना. मी न्हाई सांगायची."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी सांगितलं. मामा पहारीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. पहार उलटी करत म्हणाले, "बरं." आणि मी चार पावलं गेल्यावर मागून म्हणाले, "पोरीला टोपडं घाला. ऊन लागंल तिला."

आता विहिरीचं सांगतो. ही विहीर कुणा बागायतदाराची नव्हती, आमच्याच मंडळीची होती, देवळाच्या आवारात. बायका अर्ध्या कोसावरून ओढ्याच्या झिऱ्याचं पाणी आणायच्या. नाताळ झाल्यावर आम्ही टोळीनं काम धरलं होतं, पोटापुरत्या भाकरीवर. सात परस खोल गेलो होतो, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी केली तर वरच्याचं डोकं काठाला लागेल. मुरूम संपला, काळा फत्तर लागला, आणि त्या आठवड्यात फत्तराला घाम फुटला. गुरुवारी हात लावला तर ओला. शुक्रवारी पहारीच्या टोकाला पाणी चकाकलं. गावभर बोंब झाली, आता एक सुरुंग की पाणी!

माझ्या डोक्यात एकच घुसलं. रूथच्या डोक्यावर रविवारी ह्याच विहिरीचं पहिलं पाणी पडलं पाहिजे. मी बोललो आणि ती गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. शुक्रवारच्या सभेत बंधू एलीयांनीही सांगितलं, "रविवारी बाप्तिस्म्याला नव्या विहिरीचं पाणी! विश्वास धरा!" झालं. शनिवारी दुपारी सगळी मंडळी आवाराबाहेरच्या बाभळींखाली येऊन बसली, बायका कळश्या घेऊन, दीना रूथला घेऊन. जत्राच म्हणा.

आम्ही तळात आठ भोकं पाडली, त्यांत सुरुंगाच्या दारूचे आठ बार ठासले. बत्ती द्यायचं काम मामांचं. वाती लहानमोठ्या कापायच्या, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. मामा मोजायचे ते तोंडानं नाही, खड्यांनी. डाव्या मुठीत आठ खडे घ्यायचे आणि दर आवाजाला एक खडा खाली टाकायचा. मूठ रिकामी झाली तर विहीर रिकामी. खडा उरला तर एक बार मुका राहिला, तो केव्हाही बोलेल. आणि आमच्या धंद्याचा एकच मोठा नियम होता, शंका आली की रात्र मध्ये घालायची. दुसऱ्या दिवशी तीच वेळ टळेपर्यंत कुणी खाली पाय ठेवायचा नाही, मग वर राजा येऊन उभा राहो.

मामा बत्ती देऊन वर आले. यारीवर गेनूनाना होता. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचं हातानं फिरवायचं मोठं चाक, दोर गुंडाळायचं. गेनूनाना आमच्या मंडळीतला नव्हता, खंडोबाचा भक्त, पण मामांबरोबर वीस वर्षं होता. त्यानं मामांना ओढून घेतलं, आणि दोघं पळत बाभळीखाली आले.

"बाऽऽर! बाऽऽर हाय होऽऽ!"

धडाड्! जमीन हलली. मामांच्या मुठीतून खडा पडला. धडाड्! दुसरा. तिसरा. मग चौथा आवाज झाला तो असा की बाभळीवरची पाखरं उडाली आणि पोरं किंचाळली. मी माझ्या मनाशी म्हटलं, हे दोन आहेत, जोडीनं उडाले. मामांनी एकच खडा टाकला. पाचवा. सहावा. जरा थांबून सातवा.

मग काही नाही.

धूर काठावरून ओसंडत होता. सगळ्यांचे कान लांब झाले. आणि त्या शांततेत खालून आवाज आला. खळखळ, खळखळ, खळखळ!

"पाणी!" कुणीतरी ओरडलं. "झरा फुटला! पाणी!"

काय ती धांदल! बायका कळश्या वाजवायला लागल्या. पाळकसाहेब टोपी उडवून नाचले, शपथेवर सांगतो, साठ वर्षांचा माणूस! बंधू एलीया गुडघ्यांवर पडून दोन्ही हात वर करून ओरडत होते. मी कळशी उचलली आणि विहिरीकडं पळत सुटलो.

"सीला! थांब!"

मामा पळत आले. काठाशी येऊन त्यांनी डावी मूठ उघडली. तळहातावर एक खडा होता.

"सातच झालं," ते म्हणाले. "रात्र मधी घालायची."

"आठ झालं मामा! चौथा जोडीनं उडाला, सगळ्यांनी ऐकला!"

"आसंल. मला एकच आला."

"उद्या सकाळी बाप्तिस्मा हाय!"

"झिऱ्याचं पाणी बी पाणीच हाय की."

"मामा, एवढा मोठा आवाज! एका बाराचा असतो व्हय एवढा?"

"शंका हाय, सीला. शंका हाय म्हंजी न्हाई जायाचं."

सगळी मंडळी काठापासून वीस पावलांवर अर्धगोल करून उभी होती. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बंधू एलीयांचे सुद्धा. आणि माझ्या तोंडातून ते निघालं. आज साठ वर्षं होत आली, पण ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

"तुम्हांला तुमच्या तारणाचीच खात्री न्हाई, मामा. बारांची कुठनं असायची?"

मामांनी मूठ मिटली. दीना मागून ओरडली, "अवो!"

गेनूनाना म्हणाला, "मी काय तुला खाली सोडत न्हाई गड्या. तुमच्यात मेल्यावर कुठं जायाचं ह्याची लई चौकशी चाललीय आठ दिस. आधी खाली गेलेलं वर कसं यायचं ते बघा."

"नका सोडू," मी म्हटलं. यारीचा दोर तळापर्यंत लोंबत होता. कळशी कमरेला बांधली, दोर दोन्ही मुठींत धरला, पायांत आवळला आणि सरसर खाली निघालो. सात परस! तळहात पोळले, पण वरून बायका गाणं म्हणत होत्या आणि मला वाटत होतं मी खाली नाही, वर चाललोय.

तळात धूर कोंडलेला, खोकला येई. फुटक्या फत्तरांचा हा ढीग. उत्तरेच्या भिंतीतून मनगटाएवढी धार उडत होती, निळीशार आणि गार! मी तिच्याखाली डोकं धरलं, छाती धरली. ओरडलो, "गोड हाय! पाणी गोड हाय!" वर नुसता कल्लोळ झाला. कळशी धारेला लावली.

तेवढ्यात माझ्या खांद्याला घासून दोर वर गेला.

मी वर बघितलं. दोर सळसळत वर चालला होता आणि काठापाशी उजेडाच्या गोलात माणसं हलत होती. गाणं थांबलं होतं. मग त्या गोलात एक काळी आकृती आली आणि लोंबकळत खाली यायला लागली. मामा. दोर कमरेला दोनदा गुंडाळून छातीशी गाठ मारलेला. ते नेहमी तसेच उतरायचे, बांधून घेऊन. आम्ही तरणी पोरं त्यांना हसायचो, कारण आम्ही नुसत्या मुठीवर जायचो यायचो.

"मामा, तुम्ही कशाला आलासा? पाणी बघा! गोड हाय!"

त्यांनी पाण्याकडं बघितलं नाही. धारेकडं पाठ, ढिगाऱ्याकडं पाठ, असे माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि छातीची गाठ सोडायला लागले. तीन बोटांनी गाठ लवकर सुटेना. दातांनी ओढली.

"हात वर कर."

"आठ झालं म्हणतो ना मी!"

"मला सात आलं. हात वर कर."

"दोघं एकदम जाऊ."

"दोघांचं वजन यारी घेत न्हाई, तुला ठावं हाय. वर कर हात!"

मी केला नाही. तसा त्यांनी माझ्या कानशिलात अशी ठेवून दिली की तीनही बोटं उठली. लग्न झाल्यापासून त्या माणसानं मला अरे म्हणून आवाज चढवला नव्हता. माझे हात आपोआप वर गेले. त्यांनी दोर माझ्या कमरेला गुंडाळला, गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. मग भरलेली कळशी माझ्या हातात दिली.

"सांडू नगं. पोरीचं हाय." आणि वर तोंड करून, "गेनूऽऽ! घे!"

दोर ताणला. माझे पाय सुटले. पहिला परस गेलो तोवर मी रागातच होतो. गाल जळत होता. दुसऱ्या परसाला खाली बघितलं. मामा भिंतीला लागून उभे होते आणि एकटक ढिगाऱ्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्याकडं बघत होते. तिथं आठव्या बाराचं भोक होतं, शेवटच्या, लांब वातीच्या बाराचं. तेव्हा मला कळलं, दोर बांधताना ते ढिगाऱ्याकडं पाठ करून का उभे राहिले ते. तो कोपरा आणि मी, यांच्या मधोमध ते उभे होते.

आणि तिथं, अधांतरी, मला शंका आली.

चौथा आवाज मोठा होता. पण दोन होते का? मोठा म्हणजे दोनच का? तिसऱ्या परसापर्यंत मी ते आवाज डोक्यात पुन्हा पुन्हा उडवले, आणि दर वेळी वेगळा आकडा यायला लागला. आठ. सात. आठ. सात! खाली तो माणूस. वर दोर वीतवीत सरकतोय. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "गेनूनाना, ओढ! ओढ! सात हायत! सात!"

वर काय झालं ते दीनानं मला नंतर सांगितलं. माझी ओरड ऐकून माणसं मागं बाभळींकडं पळाली. एकटा माणूस पुढं पळाला. बंधू एलीया. त्यांनी अंगातला कोट काढून फेकला आणि यारीच्या दुसऱ्या दांड्याला जाऊन भिडले. पुस्तकाशिवाय दुसरं काही न उचललेले हात. काठाशी आलो तेव्हा मी बघितलं, त्यांच्या तळहातांची सालटं निघाली होती आणि तोंडानं ते एकच म्हणत होते, "प्रभू, वाचव. प्रभू, वाचव." त्यात खात्रीचा आवाज नव्हता. लेकरू रडतं तसा आवाज होता.

मी कळशी काठावर ठेवली, दोर सोडला, खाली टाकला. तिघं यारीला लागलो. आता मामांनी गाठ मारायला हवी. तीन बोटांनी! दोर ढिलाच.

"मामा, नुसता धरा! धरून या!"

"धरून न्हाई जमत," खालून सावकाश आवाज आला. "थांबा वाईच."

किती वेळ झाला असेल? घड्याळ असतं तर मिनिटभरच निघालं असतं. मला त्या मिनिटात दाढी पिकल्यासारखी वाटली. मग दोर दोनदा हलला आणि आम्ही तिघं असे तुटून पडलो की यारीचा खांब करकरला. मामांचं पागोटं दिसलं, कपाळ दिसलं. बंधू एलीयांनी त्यांना काखेत धरून काठावर ओढलं आणि सगळे धडपडत, घसरत बाभळींपर्यंत पळालो आणि धुळीत कोसळलो.

विहीर गप्प होती. खळखळ, खळखळ, एवढंच.

पहिला बोलला तो गेनूनाना. "आता कुणाला उतरायचं आसंल तर त्यानं आपल्या घरची यारी आणावी."

आणि सगळी माणसं हसली, रडली, सगळं एकदमच. दीना आली. मला वाटलं मला बिलगायला आली. तिनं रूथ माझ्या मांडीवर आदळली आणि बापाच्या गळ्यात पडली.

खिशात हात घातला तर कार्ड भिजून मऊ पडलं होतं. गुलाबी रंग सदऱ्याला लागला होता. ते वाळवून मी जपून ठेवलं. पुढं वाचायला आलं तेव्हा बघितलं, छापलेलं होतं ते वाचता आलं, 'माझ्या तारणाची तारीख'. पुढं निळा डाग.

ऊन कलल्यावर मामा हातपाय धूत होते. मी जाऊन उभा राहिलो.

"मामा, तिथंच उडाला असता तर? तुम्हांला तर खात्री न्हाई, मेल्यावर कुठं जाणार त्याची."

"न्हाई," ते म्हणाले.

"मग उतरलासा कसं?"

त्यांनी तीन बोटांचा ओला हात पुढं केला. "ही मूठ बघ. हिची खात्री मला कधीच न्हवती. म्हणून मी बांधून घेतो. गाठ मारली तरी शंका येती, सुटंल का काय. मग मी वर बघतो. वर गेनू असतो." हात सदऱ्याला पुसला. "दोर मी धरत न्हाई, सीला. गेनू धरतो."

मी म्हटलं, "रूथला उद्या तुम्ही नेणार."

"टोपडं घातलंय का?"

"घालतो."

रविवारी देऊळ फुटायचं बाकी होतं. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, रूथला दोन्ही हातांवर घेतलं आणि पाळकसाहेबांपुढं उभे राहिले. कळशी वेदीवर होती. एक थेंब सांडला नव्हता. शिरसाठसाहेबांनी गार पाणी डोक्यावर ओतलं तशी रूथनं असं भोकाड पसरलं की गाण्याचा सूर चुकला. बंधू एलीया पहिल्या बाकावर बसले होते, दोन्ही हातांना फडकी बांधलेली. प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा मामा जागेवरून हलले नाहीत. पाळकसाहेब गोंधळले. मग बंधू उठले, वेदीवरचा प्याला फडक्यांच्या हातांत उचलला, मामांपाशी आले आणि त्यांच्या तीन बोटांत दिला. मामांनी तो बाकाबाकावरून फिरवला, आणि शेवटी बंधूंनाच दिला.

रजिस्टरात रूथच्या नावापुढं दोन अंगठे आहेत, एक माझा, एक मामांचा.

सोमवारी उजाडलं तसं आम्ही विहिरीवर गेलो. बत्ती देणाऱ्यानंच पहिलं उतरायचं, हाही नियम. रात्रीतून गुडघाभर पाणी झालं होतं. मामा बांधून घेऊन उतरले. मी काठावर पालथा पडून बघत होतो. पाण्यात हात घालून ते पश्चिमेच्या कोपऱ्यातले दगड एकेक करून बाजूला करत होते, अंडी उचलावी तसे. मग ते थांबले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि मोठ्यानं हसायला लागले. विहिरीतून ते हसू घुमत वर आलं.

"सीलाऽऽ! आठ!"

"काय?"

"आठच्या आठ उडाल्यात! भोक रिकामं हाय, तळापातूर फुटलंय! तुझंच खरं! चौथा जोडीनं उडाला!"

गेनूनानानं कपाळावर हात मारला. वर आल्यावर मामांनी कनवटीतून तो उरलेला खडा काढला. दोन दिवस त्यांनी तो टाकला नव्हता. माझ्या हातात दिला, म्हणाले, "घे. तूच टाक. तुझा हाय," आणि पहार घेऊन कामाला लागले. चुकल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. आनंदच वाटला.

मी खडा हातात धरून काठावर उभा राहिलो. माझं बरोबर निघालं होतं. शनिवारी मी उतरलो ती विहीर रिकामी होती, आणि ती रिकामी आहे असं माझी खात्री मला सांगत होती. मामा उतरले तेव्हा त्यांच्या हिशेबानं विहीर भरलेली होती. आणि मेल्यावर पलीकडं कुणी आपल्याला घेईल का, याचीही त्यांना खात्री नव्हती. दोन्ही शंका बरोबर घेऊन ते उतरले आणि आधी मला वर पाठवलं.

खडा मी टाकला नाही.

ती विहीर अजून आहे, मोटार बसवलेली. बंधू एलीया दर वर्षी यायचे, पण कार्डं पुन्हा आणली नाहीत. ओबेद त्रिभुवन, बोरखडी मंडळीचे वडील, रूथचं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षी, एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली, सुगीच्या सणानंतरच्या मंगळवारी सकाळी, आपल्या घरी, तापानं वारले.